परत विचारायचं नाही

डोंगा पैलतीराला होता. तो येईपर्यंत बाबांनी दोन्ही बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, महादेवदादाच्या पाठीवरून फिरवला, आणि माझ्यापाशी आल्यावर हात खाली घेतला.

"गोविंदा," ते म्हणाले, "तुले बोलता येते, त्याले नाई. ध्यान ठेवजो."

दादा हसला. "मले बोलाची काय गरज, बाबा? बैलायले समजते."

"बैलायले समजते. सायबाले समजत नाई."

गाडीची चाकं काढून आम्ही डोंग्यात घातली. बैल पोहत निघाले. त्यांची शिंगं आणि नाकपुड्या तेवढ्या वैनगंगेच्या पाण्यावर दिसत होत्या. वहिनीनं लाखोळीच्या डाळीचे वडे फडक्यात बांधून दिले होते, त्यांच्या तेलाचा डाग माझ्या सदऱ्यावर उमटला. अर्ध्या पात्रात मी मागे वळून पाहिलं. बाबा काठावर उभे होते आणि त्यांच्या खांद्यावर तांबड्या काठाचा दुपट्टा होता. तो दुपट्टा ते फक्त बैलबाजाराला जाताना घेत. त्या दिवशी बाजार नव्हता.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितो आहे, आणि माझ्यासारखे जे निघाले त्यांच्यासाठीही. मूल या गावाजवळच्या आमच्या खेड्यात माझ्याबद्दल काय बोललं जातं ते मला चांगलं ठाऊक आहे. "गोविंदानं इंग्रजीच्या नादात भाऊ घालवला." हे वाक्य मी कानांनी ऐकलेलं आहे. मुंबईच्या लाकूडबाजारात मी भल्याभल्यांना घाम फोडला, पण या वाक्याला मला कधी उत्तर देता आलं नाही. उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर एका माणसाजवळ होतं आणि तो बोलला नाही. त्याचा राग मी किती वर्षं सांभाळला, आणि तो राग किती खोटा होता, ते सांगायला बसलो आहे.

आधी तो दुपट्टा समजून घ्या. आमच्या बैलबाजारात भाव तोंडानं ठरत नसे. घेणारा आणि देणारा समोरासमोर उकिडवे बसत, हातांवर दुपट्टा टाकत, आणि त्याच्याखाली बोटं दाबून भाव सांगत. भोवती कितीही माणसं असोत, कोणाला काही कळत नसे. तोंडानं मात्र दोघे एकमेकांच्या बैलाचा आणि बापाचा उद्धार करत. हे चालायचं. तोंडाला तिथे किंमतच नव्हती. शेवटी दुपट्टा बाजूला व्हायचा आणि उजवा हात उजव्या हातात पडायचा. हात पडला की सौदा झाला. त्यानंतर बैल लंगडा निघो की मरो, माणूस फिरत नसे. आणि त्यानंतर एक गोष्ट करायची नाही अशी सक्त रीत होती: परत विचारायचं नाही. "नक्की ना?" एवढंही नाही. हात दिलेल्या माणसाला परत विचारणं म्हणजे भर बाजारात त्याच्या तोंडात मारणं.

मला ही रीत थापडीनं कळली. बाबांनी एका गोऱ्ह्याचा सौदा केला होता. हात पडला. मी तेव्हा शाळकरी, फार शहाणा. मी त्या माणसाला विचारलं, "उद्या आणान ना नक्की?" बाबांनी तिथल्या तिथे माझ्या गालावर पाची बोटं उमटवली आणि त्या माणसाची माफी मागितली. माझी नाही, त्याची. घरी येताना दादा गाडीत पोट धरून हसत होता. "पंडित, अजून पुसशीन काय? पुस ना!"

अशा घरातून आम्ही निघालो आणि आलापल्लीकडच्या जंगलात एका लाकूड कंपनीच्या डेपोवर पोचलो. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. दादा गाडीवान झाला. जंगलात तोडलेले सागाचे ओंडके गाडीवर घालून डेपोत आणायचे. मी शाळेत थोडं इंग्रजी शिकलो होतो म्हणून ओंडके मोजून त्यांच्यावर खुणा करायचं काम मला मिळालं. डेपोचा मोठा साहेब इंग्रज होता. त्याचे देशबांधव बोटीत बसून केव्हाच गेले होते, हा राहिला होता. उंच, वाकलेला, बोलायला गोड. कधी कोणावर ओरडल्याचं आठवत नाही. मी ओरडणाऱ्या माणसांत वाढलो. ओरडणाऱ्याचं मन मला कळतं. न ओरडणाऱ्याचं मला तेव्हा कळत नव्हतं.

डेपोचा हेडक्लार्क राजन्ना सिरोंचाकडचा तेलुगू माणूस. त्यानं मला साहेबाच्या बोलीची पहिली ओळख करून दिली. साहेब संध्याकाळी "कॉल इट अ डे" म्हणाला की मी आभाळाकडे पाहायचो. राजन्ना म्हणायचा, "वर काय बघतोस? घरी जा म्हणतोय तो." मी ती वाक्यं घोकायचो. ओंडके मोजताना तोंडातल्या तोंडात बोलायचो. दादा गाडीवरून जाताना ओरडायचा, "गोविंदा, लाकडाले इंग्रजी शिकवून राह्यला काय बे? पलंग होऊन बोलन ते!" आणि लालसू नावाचा त्याचा जोडीदार, माडिया गाडीवान, काही न कळता त्याच्याहून मोठ्यानं हसायचा.

पाऊस सरला आणि जंगलात दरवर्षी येतो तसा ताप आला. डेपोतली निम्मी माणसं कुडकुडत पडली. आठवडाभरात बरीचशी उठली. दादा उठला नाही. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि लघवी काळी यायला लागली. काळी लघवी म्हणजे काय ते तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. चांद्याचा दवाखाना गाडीनं मुक्काम करत करत जायच्या वाटेवर, नदीपलीकडे. जीपनं गेलं तर सकाळी निघून दिवस बुडायच्या आत. जीप एकच होती, साहेबाची.

मी साहेबापुढे उभा राहिलो. सगळं वाक्य पाठ करून गेलो होतो, ते अर्धंच तोंडातून निघालं. पण त्याला कळलं. त्यानं तोंडातला पाइप काढला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "लीव्ह इट विथ मी." आणि उजवा हात पुढे केला.

त्या आधी त्यानं मला कधी हात दिला नव्हता. मोजणीवाल्याला कोण देतो? मी तो धरला. गरम, कोरडा, मोठा हात होता. त्यानं तो एकदा दाबला आणि सोडला. वाक्यातला प्रत्येक शब्द मला कळला होता. माझ्यापाशी सोड. पण वाक्य नसतं कळलं तरी चाललं असतं. हात पडला होता.

मी धावत दादाकडे आलो. तो मांडवाखाली बाजेवर पडला होता, तोंड रस्त्याकडे.

"देल्ली काय जीप?"

"हात देल्ला."

त्यानं डोळे मिटले. "मंग झालं," तो म्हणाला.

तो दिवस गेला, जीप आली नाही. दुसऱ्या सकाळी लालसूनं मला न विचारता गाडी जुंपली. तिच्यात धानाच्या पेंढ्याची तणीस पसरली, वर घोंगडं टाकलं आणि बैल बाजेपाशी आणून उभे केले. "चाल दादा," तो म्हणाला. "मी हाकतो. थांबाचं नाई."

आता जे लिहितो आहे ते गावात कोणाला माहीत नाही. दादानं मान वर केली आणि म्हणाला, "गाडी सोड, लालसू."

"काऊन?"

"सायबानं हात देल्ला. आपन गाडी जुपून गेलो तं त्याच्या हाताची काय इज्जत राह्यली?"

मी म्हणालो, "दादा, मी जाऊन एकडाव याद देतो."

त्या अवस्थेत तो हसला. पिवळे डोळे आणि ते हसू. "बाजारातली थापड भुलला काय, पंडित? परत इचारू नको."

लालसू माझ्याकडे पाहत राहिला. मी काही बोललो नाही. खरं सांगतो, मी बाबांचाच पोरगा होतो. मलाही दादाचं म्हणणं बरोबर वाटलं. लालसूनं बैल सोडले. जू जमिनीवर टेकलं तेव्हा जो आवाज झाला तो अजून माझ्या कानात आहे.

दुपारी जीप आली. चढावर तिचा गिअर बदलल्याचा आवाज आधी आला आणि दादा कोपरावर उठून बसला. "आली पाय," तो म्हणाला. मी त्याचं अंथरूण गुंडाळायला घेतलं. जीप वळणावर दिसली. आत साहेब होता, दोन पाहुणे होते, त्यांच्या बंदुका होत्या. ती थांबली नाही. साहेबानं आम्हाला पाहिलं, मान तिरकी करून हात हलवला, आणि तांबडी धूळ आमच्यावर बसली.

"हात दाखवला त्यानं," दादा म्हणाला. "शिकारीले चालले असतीन. वापस येताना घेईन." आणि तो रस्त्याकडे तोंड करून पुन्हा आडवा झाला. त्यानंतर तो बोलला ते तापातलं, बैलांशी. दुसऱ्या दिवशी उन्हं तापायच्या आत तो गेला. लालसूनं आणि मी ओढ्याच्या काठी सागाच्या लाकडांवर त्याला ठेवलं. लाकडाची तिथे कमी नव्हती.

राजन्नानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी त्याला म्हणालो, त्यानं मला हात दिला होता. राजन्ना म्हणाला, "अरे, तो आपल्या कुत्र्याला पण रोज सकाळी शेकहँड देतो. तू पाहिलं नाही?" पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं. कुत्रं पुढचा पाय उचलायचं आणि साहेब तो धरून हलवायचा. मी त्याला खेळ समजलो होतो.

गाडी आणि बैल घेऊन मी एकटा गावी आलो. वहिनी दारातच बसली. ती रडली नाही. ती रिकाम्या गाडीतल्या तणशीकडे पाहत होती. बाबांनी बैल सोडले, त्यांना पाणी दाखवलं, मग माझ्यापुढे येऊन सगळ्या गावादेखत विचारलं, "गाडी होती. बैल होते. कोनाच्या बोलावर बसून राह्यला रे तू?"

मी म्हणालो, "बोलावर नाई, बाबा. हातावर."

हे मी हळू बोललो. तोंडातून मोठा आवाज निघतच नव्हता. त्यांचा प्रश्न सगळ्यांनी ऐकला. माझं उत्तर त्यांनी एकट्यानं ऐकलं.

त्यांचं तोंड मिटलं. ते आत गेले, तो दुपट्टा खुंटीवर टांगला, आणि त्यानंतर ते बैलबाजाराला कधी गेले नाहीत. माझ्याशी बोलले, पण धानाचं, पाण्याचं, शेताच्या धुऱ्याचं. दादाचं नाव नाही, जंगलाचं नाव नाही. गावानं प्रश्नच तेवढा लक्षात ठेवला आणि त्याला आपल्या मनानं उत्तर जोडलं: गोविंदा इंग्रजीच्या नादात. वहिनीनं एकदा विचारलं, "भाऊजी, काऊन थांबले तुमी?" मी म्हणालो, "थांबलो." गाडी दादानंच सोडायला लावली हे तिला कसं सांगणार? मेलेल्यावर ढकलून मोकळा झाला म्हणाली असती. बाबांनी एक शब्द बोलायचा होता. "मी शिकवलं होतं त्याले," एवढाच. ते बोलले नाहीत. मी बल्लारशाहून मुंबईची गाडी धरली.

मुंबईत मी दोन गोष्टी केल्या. सागवान विकलं आणि इंग्रजी शिकलो. बंदराजवळच्या वखारीत हमालांवर देखरेख करण्यापासून सुरुवात केली आणि वखारीचा भागीदार झालो. कसा झालो ते माझ्याशी सौदा केलेल्यांना विचारा, ते शिव्या देऊन सांगतील. इंग्रजी मी रागानं शिकलो. शब्द सोपे असतात, ते पुस्तकात मिळतात. मला त्यांची ती वाक्यं पाहिजे होती, ज्यांत शब्द एक सांगतात आणि माणूस दुसरंच. गोदीतले अधिकारी, जहाजकंपन्यांचे कारकून, गोरे, पारशी, गोव्याचे, जो बोलेल त्याच्या तोंडाकडे मी बघत बसायचो. घरी येऊन ती वाक्यं मोठ्यानं बोलायचो. खोलीतला सोबती म्हणायचा, "भांडतोस कोणाशी?"

आणि काय सापडलं सांगू? त्या भाषेत जिकडे तिकडे हात. मदत पाहिजे, तर हात दे म्हणतात. मदत करायची नसली, तर माझे हात बांधलेले आहेत म्हणतात. काम बिघडलं, तर आता ते माझ्या हातांबाहेर गेलं. चूक झाली, तर मी त्यातून हात धुतले. एवढे हात, आणि धरायला जावं तर एकही बोटाला लागत नाही. ज्यानं नकार दिला तो माणूस कुठे सापडतच नाही. आमच्याकडे नकार देणाऱ्याला निदान शिवी हासडता येते.

मिठाचंही तसंच. कोणाच्या बोलण्यावर भरवसा नसला तर ते म्हणतात, चिमूटभर मिठाबरोबर घे. आमच्या जंगलात मीठ बाहेरून यायचं. माडिया बाया टोपली भरून चारोळी घेऊन बाजाराला यायच्या आणि व्यापारी त्यांना त्याच्या बदल्यात मीठ मोजून द्यायचा. लालसू आमच्याकडे जेवला की शेवटी बोटाला लागलेलं मीठ चाटायचा आणि म्हणायचा, आता तुमच्यासोबत भांडन नाई. ज्या वस्तूवर आम्ही माणूस बांधून घ्यायचो, ती वस्तू हे लोक अविश्वासावर भुरभुरवायचे.

सगळंच वाईट होतं असं म्हणणार नाही. "मीट मी हाफवे" मला आवडलं. अर्ध्या वाटेवर ये, मीही येतो. त्यात सौद्याची इमानदारी आहे. ते मी खूप वापरलं. "लीव्ह इट विथ मी" मात्र माझ्या जिभेवर कधी आलं नाही. त्याचा अर्थ मला कळायला वेळ लागला. कधी त्याचा अर्थ मी करतो असा असतो, कधी आता तू जा असा. कोणता ते बोलणाऱ्यालाच ठाऊक, आणि कित्येकदा त्यालाही नाही.

एक वाक्य मी घरच्यासाठी वापरलं. कोणी बोलणं तोडलं, तोंड फिरवलं, की इंग्रज म्हणतात, त्यानं थंडा खांदा दिला. कोल्ड शोल्डर. पहिल्यांदा अर्थ कळला तेव्हा मला बाबा दिसले. काठावर उभे, खांद्यावर दुपट्टा. मी मनाशी म्हणालो, सापडलं. बापानं मला हेच दिलं. गावाहून मास्तरांच्या हातचं पत्र यायचं. धान बरं आहे, एक बैल विकला, तब्येत ठीक. दादाबद्दल एक अक्षर नाही, माझ्या उत्तराबद्दल नाही. मी पत्र वाचायचो आणि दात खायचो: थंडा खांदा. वखारीत हमालांवर ओरडायचो. गावी गेलो नाही. का जावं? ज्या बापाच्या रीतीनं मी मुकाट बसलो, त्याला ती रीत कबूल करायला लाज वाटते, त्याच्या दारात का जावं?

दरम्यान चांदा जिल्हा मुंबई राज्यात आला, म्हणजे गावाचं आणि माझं राज्य एक झालं. एवढंच एक झालं.

मग एक दिवस बातमी लागली की तो साहेब कायमचा विलायतेला निघाला आहे, आणि बोट सुटेपर्यंत मुंबईत एका ओळखीच्या लाकूड कचेरीत त्याचा राबता आहे. मी कोट घालून गेलो. आता माझं वाक्य अर्धं राहणार नव्हतं. साहेब म्हातारा झाला होता. मी त्याला सगळं सांगितलं, त्याच्याच बोलीत, न अडखळता. डेपो, ताप, जीप, माझा भाऊ. त्यानं पाइप काढला आणि तसंच नीट पाहिलं. त्याला खरंच आठवायचं होतं. तो कपाळाला आठ्या घालून आठवत होता. शेवटी म्हणाला, "आय ॲम सो सॉरी. आय ॲम अफ्रेड इट डझन्ट रिंग अ बेल."

घंटा वाजत नाही. हे वाक्य मला ठाऊक होतं. आठवत नाही असा त्याचा साधा अर्थ. पण मला आमच्या बैलांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा ऐकू आल्या, जंगलात लांबून यायच्या तशा, आणि पाठोपाठ जमिनीवर टेकणारं जू. माझ्या डोक्यात जे एवढी वर्षं वाजत होतं ते या माणसाच्या डोक्यात एकदाही वाजलं नव्हतं. मी शिव्या पाठ करून गेलो होतो, इंग्रजीतल्या आणि आमच्या झाडीबोलीतल्या, दोन्ही. एकही बाहेर आली नाही. निघताना त्यानं उजवा हात पुढे केला. मी दोन्ही हात पाठीमागे धरले. तो हात बराच वेळ तसाच राहिला. त्याला मी माफ केलेलं नाही. आजही नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबा गेल्याची तार आली. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. घरात वहिनी एकटी. केस पांढरे झाले होते. तिनं पाणी दिलं, भात वाढला, आणि मी जेवत असताना खुंटीवरून तो दुपट्टा काढून माझ्याजवळ ठेवला. धुऊन घडी घातलेला.

"मामाजी म्हनत होते, हे गोविंदाले देजो." बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, ती मामाजी म्हणायची.

मी घास ठेवला. "आनखी काय म्हनाले?"

"काई नाई."

माझं डोकं फिरलं. एवढ्या वर्षांचं साचलेलं वर आलं. मी ताटावरच ओरडलो, "काई नाई! जलमभर काई नाई! एक शब्द बोलले असते तं काय जात होतं त्यायचं? गाव मले खुनी म्हनते. तुमीबी म्हनत असान. एकडाव पुसलं मले, चार लोकात, अन् मंग तोंड शिवलं. परत एकडाव पुसलं काय? तुमी तरी परत पुसलं काय?"

वहिनी माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझी कीव होती, आणि थोडं नवल.

"पुसत होती ना मी," ती म्हणाली. "मास्तरले सांगून पत्रात लिवत होती, भाऊजी काऊन थांबले म्हून. मामाजींनी लिवू देल्लं नाई. म्हनाले, सोनाबाई, त्यानं मले एकडाव सांगतलं हाय. आता परत इचाराचं नाई."

मी हातातला भात तसाच धरून बसलो.

परत विचारायचं नाही. ज्या शब्दांसाठी भर बाजारात गाल लाल झाला तेच हे. मी त्या दिवशी अंगणात बाबांना माझं उत्तर दिलं होतं आणि त्यांनी ते घेतलं होतं. सौदा तिथेच झाला होता. त्यांच्या बाजूनं हात पडला होता. म्हणून त्यांनी परत विचारलं नाही, म्हणून कोणाला विचारू दिलं नाही, म्हणून पत्रात अक्षर नाही. ते मला मान देत होते आणि मी मुंबईत बसून त्याला थंडा खांदा म्हणत होतो. परक्याच्या सगळ्या वाक्यांचे आतले अर्थ मी शिकलो, आणि घरचं एक गप्प राहणं मी त्या परक्या कोशातून वाचलं. आणि त्यांनी बैलबाजार सोडला तो कशामुळे? तेव्हा मला कळलं. ज्या हातावर मुलगा गेला तो सौदा त्यांना पुन्हा करवला नाही.

मग मी वहिनीला सगळं सांगितलं. तिनं आता विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. साहेब, पाइप, हात. लालसूनं जुंपलेली गाडी. आणि दादानं ती सोडायला लावली तेही, त्याच्याच शब्दांत. सांगताना मी तिच्याकडे पाहत नव्हतो. चुलीतला विस्तव पाहत होतो.

मग तिनं एकच विचारलं.

"कोन्ता हात देल्ला होता त्यानं? उजवा?"

"उजवा."

"मंग ह्यायचं काई चुकलं नाई," वहिनी म्हणाली. पदरानं डोळे पुसले. "तुमचंबी नाई. जेवा. भात थंडा होऊन राह्यला."

आता माझी मुंबईत स्वतःची वखार आहे. दिवसभर लोक हात मिळवतात. येताना, जाताना, चहा पिताना. मी मिळवतो. त्या हातांना काही वजन नाही, हे दोन्हीकडे ठाऊक असतं. मुलं माझ्याशी निम्मं इंग्रजी बोलतात, आणि परवा धाकट्यानं कसल्याशा कामाबद्दल सहज म्हटलं, "लीव्ह इट विथ मी, बाबा." मी एवढा ओरडलो की तो घाबरून उभा राहिला. त्याला काय कळणार?

गाव कुठलं विचारलं की मी अजून चांदा जिल्हा सांगतो. घर म्हणजे मला तिथलं शेत नाही, अंगण नाही. एकदा सांगितलं की पुरतं, ती जागा घर. तिथे माझ्या वाटणीचा शब्द इतकी वर्षं तसाच ठेवला होता, कोणी उचलून पारखून पाहिला नाही. दुपट्टा माझ्या गादीमागे खुंटीवर आहे. गिऱ्हाईक विचारतात तो कशाला. मी सांगत नाही.

वखारीपुढच्या चढावर जीप येते. आजकाल पुष्कळ येतात. गिअर बदलल्याचा आवाज आला की मी बोलत असेन तिथे थांबतो आणि कोपरावर भार देऊन उठतो. ती वळणावर दिसेपर्यंत तसाच उभा राहतो. ती पुढे निघून जाते. कोणाची होती, मी विचारत नाही.